‘रक्ताच्या दोन बाटल्या तयार ठेवा’

पत्र: माझ्या आईचं वय ६७, वजन ५८ किलो. दोन्ही गुडघे पार झिजलेत. सात आठवड्यांनंतरची ऑपरेशनची तारीख मिळाली आहे आणि ‘दोन्ही गुडघे एकदमच बदलून टाकू’ असंही बोलणं चाललंय. हिमोग्लोबिन १०.२ आहे. सर्जन म्हणाले, “रक्ताच्या दोन बाटल्या तयार ठेवा, बाकी काही काळजी नाही.” आईने तेव्हापासून धसकाच घेतलाय. दुसऱ्याचं रक्त अंगात नको म्हणते. तीन वर्षांपूर्वी तिच्या हृदयात स्टेंट टाकलाय, त्यासाठी रोज ॲस्पिरिन असते. मधुमेहाला मेटफॉर्मिन. आणि गुडघ्यांसाठी गेली चार वर्षं जवळजवळ रोज एक वेदनाशामक गोळी. भाऊ आणि मी दोघंही रक्त द्यायला तयार आहोत. घरचं रक्त जास्त चांगलं ना? की आईचंच रक्त आधी काढून ठेवता येईल? रक्त चढवणं टळणारच नाही का?

उत्तर:

ताई,

टळू शकतं. खात्री कुणीच देणार नाही, मीही देत नाही, पण तुमच्याजवळ सात आठवडे आहेत आणि ते फार आहेत. मी भूलतज्ज्ञ. आमच्यापुढे बरेचदा पेशंट येतो तोच मुळी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. तेव्हा हिमोग्लोबिन कमी दिसलं की दोनच वाटा उरतात, तारीख पुढे ढकला नाहीतर रक्त मागवा. सगळं ठरलेलं असतं, लांबचे नातेवाईक येऊन बसलेले असतात, तारीख ढकलायला कुणी राजी नसतं. मग रक्त मागवलं जातं.

म्हणून बाटल्या कुठून आणायच्या हे जरा बाजूला ठेवा आणि आधी हे विचारा, की आईंचं हिमोग्लोबिन १०.२ का आहे? तुमच्या पत्रावरून दिसतं की हा प्रश्न अजून कुणी विचारलेलाच नाही. “या वयात बायकांचं रक्त जरा कमीच असतं” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ऐकलं की कपाळाला आठी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो पंडुरोग, म्हणजे ॲनिमिया. पुरुषाला ती रेघ १३ वर आहे. पण मोठ्या ऑपरेशनच्या तयारीत या विषयातले बरेच तज्ज्ञ बाई असो की पुरुष, १३ चंच लक्ष्य धरतात. कारण साधं आहे. सुरी दोघांनाही तेवढीच लागते, आणि बाईच्या अंगात मुळात रक्तच कमी असतं.

हे आकड्यात मांडून बघू. बाईच्या शरीरात किलोमागे साधारण ६५ मिलिलिटर रक्त असतं. ५८ किलोंना झालं सुमारे पावणेचार लिटर. आता समजा, हिमोग्लोबिन ८ च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं आपण ठरवलं (आठच का, ते पुढे सांगते). १०.२ वरून सुरुवात केली तर ढोबळ हिशेबाने आईंचं ८०० मिलिलिटर रक्त गेलं की आपण त्या रेघेवर आलो. तेच १३ वरून सुरुवात केली तर जवळजवळ १४५० मिलिलिटर जाईपर्यंत सवड मिळते. सर्जन तोच, गुडघा तोच, गेलेलं रक्तही तेवढंच. पण एका हिशेबात बाटली लागते आणि दुसऱ्यात लागत नाही. गुडघा बदलताना एकूण जाणारं रक्त लिटरभर किंवा त्याहून जास्तही भरू शकतं. त्यातलं बरंचसं तर डोळ्यांना दिसतही नाही. ते सांध्यात आणि मांडीच्या स्नायूंत झिरपत राहतं आणि तिसऱ्या दिवशी मांडीवर जांभळा-काळा डाग होऊन वर येतं. ऑपरेशन संपलं तेव्हाचा रिपोर्ट छान आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा एकदम खाली, असं होतं ते यामुळेच.

आता कारणाकडे. मला पहिला संशय येतो तो त्या वेदनाशामक गोळीचा. गुडघ्यासाठी घेतलेली गोळी जठराच्या आणि आतड्याच्या अस्तराला जखमा करते. त्यातून थेंबथेंब रक्त जात राहतं, वर्षानुवर्षं, पोट दुखत नसतानाही. सोबत रोजची ॲस्पिरिन, म्हणजे ती जखम लवकर खपलीही धरत नाही. आणि गोळीने पित्त होतं म्हणून आम्लता कमी करणारी आणखी एक गोळी चालू असेल (तुम्ही लिहिलेलं नाही, पण असते बहुतेकांना), तर तिच्यामुळे लोह कमी शोषलं जातं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असली की बी-१२ उतरतं. म्हणजे चार गोळ्या चार डॉक्टरांनी आपापल्या जागी बरोबरच दिलेल्या, पण त्यांचा एकत्र हिशेब रक्ताच्या रिपोर्टमध्ये येतो. मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तरी रक्त कमी बनतं, तेही बघावं लागेल.

तेव्हा या आठवड्यातच फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि पूर्ण रक्तगणना, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, बी-१२ आणि क्रिएटिनिन या तपासण्या मागा. क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचं काम कळतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या गाड्या किती टक्के भरलेल्या आहेत ते. फेरिटिन म्हणजे शरीराच्या लोहाच्या कोठाराची मोजणी. ३० च्या खाली असेल तर कोठार रिकामं, चर्चेला जागा नाही. पण इथे एक फसगत होते. अंगात कुठेही सूज असली की फेरिटिन आपोआप वर चढतं. त्यामुळे ते ६० किंवा ८० आलं आणि कुणी “नॉर्मल आहे” म्हणून कागद परत दिला, तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनचा आकडा दाखवा. तो २० टक्क्यांच्या खाली आणि फेरिटिन १०० च्या आत असेल, तर लोहाची कमतरता आहे असंच धरून पुढे जायचं.

आणि लोह कमी निघालं तर ते भरून काढण्यावरच थांबू नका. पाळी बंद झालेल्या बाईच्या अंगातलं लोह कुठे जातंय, याचं उत्तर मिळायला हवं. बहुतेकदा गोळ्यांचा व्रण निघतो, पण मोठ्या आतड्याचा कर्करोगही सुरुवातीला नुसता असाच, कमी हिमोग्लोबिन म्हणून समोर येतो. पोटविकारतज्ज्ञांनी दुर्बीण टाकायला सांगितली तर “आधी गुडघा होऊ दे” म्हणू नका. गुडघा महिनाभर थांबू शकतो.

लोह भरायचं कसं? आईंची तूट, कोठारासकट, साधारण एक ग्रॅमच्या आसपास असेल. आहारातून सात आठवड्यांत एवढी तूट भरत नाही. गोळ्यांनी भरू शकते, पोटाला सोसल्या तर. पूर्वी दिवसाला दोन-तीन गोळ्या द्यायचे. आता दिवसाआड एक, असं बऱ्याच जणांना सांगतात. एक गोळी घेतली की यकृतातून हेपसिडिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि ते पुढचा दिवसभर आतड्यातली लोहाची दारं अर्धवट लावून घेतं. त्या काळात घातलेली दुसरी गोळी बरीचशी वायाच जाते आणि वर बद्धकोष्ठता देते. गोळी चहा-कॉफीबरोबर घेऊ नये, तासाभराचं अंतर ठेवावं. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा हिमोग्लोबिन करा. निदान १ ने वाढलं नसेल, तर गोळ्यांच्या मागे आणखी वेळ घालवू नका.

त्यापुढचा मार्ग शिरेतून लोह देण्याचा. सलाईनसारखं, दवाखान्यात, कुणीतरी लक्ष ठेवून असताना. हल्लीच्या काही औषधांत एका बैठकीत बरंच लोह देता येतं. तीव्र ॲलर्जी क्वचित होते, पण होऊ शकते, म्हणून घरी घेण्याचं हे काम नव्हे. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आदल्या दिवशी दिलेल्या लोहाचा ऑपरेशनच्या दिवशी काही उपयोग नाही. आईंच्या पोटातून रक्त जातच असेल किंवा गोळ्या सोसत नसतील, तर मी त्यांच्या डॉक्टरांच्या जागी असते तर सुरुवातच शिरेतल्या लोहाने केली असती. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं असतात, ती रक्त बनवायला अस्थिमज्जेला जोर देतात, पण त्यांनी गुठळीचा धोका वाढतो. स्टेंटवाल्या पेशंटला ती मी सहजासहजी सुचवणार नाही.

आता घरच्या रक्ताचं. तुमच्या आणि भावाच्या भावनेबद्दल मला आदर आहे, पण मुलांचं रक्त आईला जास्त चांगलं, हा समज उलटा आहे. पोटच्या मुलाचं रक्त इतकं सारखं असतं की त्यातल्या पांढऱ्या पेशींना आईचं शरीर परकं म्हणून ओळखत नाही, हाकलून देत नाही. त्या पेशी मात्र आईच्या शरीराला परकं मानतात आणि तिथे ठाण मांडून हल्ला करतात. हे फार क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक वेळा जीवघेणं ठरतं. म्हणून जवळच्या नात्यातलं रक्त द्यायची वेळ आलीच तर ते आधी किरणोत्सर्गाने प्रक्रिया करून द्यावं लागतं. नियमित दाते असलेल्या, नीट तपासण्या करणाऱ्या रक्तपेढीतलं अनोळखी माणसाचं रक्त तुमच्या रक्तापेक्षा बरं. तुम्हाला रक्त द्यायचं असेल तर जरूर द्या, ते कुणातरी तिऱ्हाइताला मिळू दे.

आईंचं स्वतःचं रक्त काढून ठेवणं ही १९८० च्या दशकात एचआयव्हीच्या धास्तीने फार चाललेली पद्धत. आता नेहमीच्या सांधेरोपणासाठी ती जवळजवळ मागे पडली आहे. तीन-चार आठवडे आधी एक बाटली काढली की हिमोग्लोबिन उतरतं, ते ऑपरेशनपर्यंत पुरतं भरत नाही, आणि मग बाटली लागण्याची शक्यता आपणच वाढवून ठेवलेली असते. शिवाय त्यासाठी हिमोग्लोबिन निदान ११ तरी लागतं. आईंना ते लागूच होत नाही. आणि एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, स्वतःच्या रक्ताच्या पिशवीवरही चिठ्ठी चुकीची लागू शकते.

दोन्ही गुडघे एकदम? माझं मत विचाराल तर, आईंना नको. दोन्ही एकदम केले की रक्त लागण्याचं प्रमाण बरंच वाढतं, आणि त्यांच्याकडे एक लहानसं शरीर, एक स्टेंट आणि १०.२ आहे. ज्यांचं हृदय धड आहे आणि हिमोग्लोबिन १४ आहे त्यांनी एकदमचा विचार करावा. तुमचे सर्जन वेगळं म्हणाले तर त्यांना कारण विचारा. “एकाच खर्चात, एकाच भुलीत होऊन जाईल” एवढंच कारण असेल तर मला ते पुरेसं वाटत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी रक्त वाचवायच्या ज्या युक्त्या आहेत त्या आमच्या हातात असतात, पण तुम्ही विचारलं तर कुणी रागावू नये. सगळ्यात मोठं काम करतं ते ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. १९६२ साली जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने हे औषध पुढे आणलं. शरीरात एकीकडे गुठळी बनते आणि दुसरीकडे ती विरघळवणारी यंत्रणा चालू होते. हे औषध त्या विरघळवण्याला लगाम घालतं, म्हणून बनलेली गुठळी टिकते. नवी गुठळी ते बनवत नाही. चिरा देण्याआधी शिरेतून एक डोस, कधी पुढे आणखी एक, कधी थेट सांध्यात, आणि औषधही महागडं नाही. सांधेरोपणात रक्त चढवण्याचं प्रमाण त्याने ठळकपणे उतरतं. स्टेंट असताना चालेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॉइज-३ नावाच्या चाचणीत हृदयाचा धोका असलेले साडेनऊ हजारांवर पेशंट होते. औषध मिळालेल्या गटात मोठा रक्तस्राव ९.१ टक्के, न मिळालेल्यांत ११.७, आणि हृदयाचे-गुठळ्यांचे त्रास दोन्हीकडे जवळजवळ सारखे, १४.२ आणि १३.९ टक्के. संशोधकांनी स्वतःला घातलेली सुरक्षिततेची कडक अट पूर्ण झाली नाही, हेही खरं. त्यामुळे आईंच्या बाबतीत निर्णय भूलतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून घेतील, पण ‘स्टेंट आहे म्हणून आपोआप नाही’ असं राहिलेलं नाही. फिट येण्याचा इतिहास असेल किंवा नुकतीच पायात-फुप्फुसात गुठळी झाली असेल तर मात्र आवर्जून सांगा.

बाकीच्या गोष्टी छोट्या, पण मिळून मोठ्या. कमरेतून भूल दिली की रक्त कमी जातं. शरीराचं तापमान अर्ध्या-एक अंशाने उतरलं तरी रक्त गोठायची गती मंदावते, म्हणून गरम हवेचं पांघरूण आणि कोमट सलाईन. आई कुडकुडत ऑपरेशन थिएटरमध्ये शिरल्या तर कुणालातरी बोला. मांडीच्या हाडात उपकरणासाठी पाडलेलं भोक सर्जन हाडाच्याच तुकड्याने बुजवतात. जखमेत साचणारं रक्त बाहेर काढणारी ड्रेनची नळी ठेवायची सवय बऱ्याच ठिकाणी सुटली आहे, कारण नळी ठेवलेल्यांना रक्त जास्त लागतं असं दिसलं. सांडलेलं रक्त गोळा करून, धुऊन परत देणारं यंत्र असतं. बदललेला सांधा पुन्हा बदलायचा असेल, पाठीच्या कण्याचं मोठं काम असेल, तर ते फार उपयोगी. पहिल्यांदाच बदलायच्या एका गुडघ्याला सहसा गरज नसते.

ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं. स्टेंट बंद पडणं हे रक्ताच्या बाटलीपेक्षा कितीतरी भयंकर आहे, आणि बरेचदा ॲस्पिरिन चालू ठेवूनच गुडघा करतात. वेदनाशामक गोळी मात्र डॉक्टरांना विचारून आजच थांबवता येईल का ते बघा, पॅरासिटामॉलवर भागतंय का बघा.

आता ते आठ. आमच्या शिकण्याच्या दिवसांत नियम होता, हिमोग्लोबिन १० च्या खाली गेलं की रक्त द्या. हा आकडा १९४२ मध्ये ॲडम्स आणि लंडी या दोन अमेरिकी डॉक्टरांनी अनुभवावरून सुचवला होता आणि पुढे अनेक दशकं तो कुणी तपासून न बघताच चालत राहिला. मीही चालवला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका सडपातळ आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ८.९. आजोबा उशीला टेकून बसलेले, गप्पा मारत होते. मी रिपोर्ट बघितला, आजोबांकडे बघितलं नाही, आणि संध्याकाळी दोन पिशव्या एकापाठोपाठ एक लावल्या. रात्री दीडला सिस्टरचा फोन. जाऊन बघते तर दोन्ही हातांनी पलंगाची कड घट्ट धरून ते ताठ बसलेत, दोन शब्दांपुढे बोलता येत नाही, ओठ निळसर. रक्त जुळणारंच होतं, पेढीही चांगली होती. पण त्या वयाच्या हृदयाला तेवढा जादा द्रव पेलला नाही आणि तो फुप्फुसांत उतरला. ऑक्सिजन आणि लघवीच्या इंजेक्शनावर पहाटेपर्यंत ते सावरले. घरी गेले, चार दिवस उशिराने. दुसऱ्याच्या रक्ताची भीती म्हणजे लोकांना कावीळ, एचआयव्ही आठवतं. चांगल्या पेढीच्या रक्तात तो धोका आता फार थोडा उरलाय. म्हाताऱ्या पेशंटच्या बाबतीत मला जास्त धास्ती या दुसऱ्या प्रकाराची वाटते.

२०११ मध्ये फोकस नावाच्या चाचणीने नेमका हाच प्रश्न तपासला. खुबा मोडलेले, पन्नाशीपुढचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले २०१६ पेशंट. अर्ध्यांना १० च्या खाली गेल्यावर रक्त, अर्ध्यांना ८ च्या खाली किंवा लक्षणं दिसल्यावर. दोन महिन्यांनी मृत्यूंत आणि चालता येण्यात फरक सापडला नाही. आणि ८ च्या गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांना रक्ताची एकही पिशवी लागली नव्हती. तेव्हापासून हाडांच्या ऑपरेशनला आणि जुन्या हृदयविकाराला ८ ही रेघ धरतात, आणि द्यायचंच झालं तर एक पिशवी देऊन पुन्हा तपासायचं. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढतं, तेवढं अनेकदा पुरतं.

पण ८ हा आकडा आहे, कायदा नव्हे. ऑपरेशननंतर आईंच्या छातीत दुखलं, धाप लागली, उठून बसल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, नाडी उगाच धावू लागली, किंवा जखमेतून रक्त वाहतच असेल, तर ८.५ लाही रक्त द्यावं लागू शकतं, आणि तेव्हा “नको” म्हणून अडून बसायचं नाही. हे आईंशी आत्ताच बोलून ठेवा. रक्तगट आणि जुळणीची तपासणी आधी करून ठेवायला सांगा. दोन बाटल्या पेढीत असू देत, वापरल्याच पाहिजेत असं नाही.

तिसऱ्या दिवशी कुणी ज्युनिअर डॉक्टर येऊन “८.८ आलंय, एक लावून टाकू” म्हणाले, तर भांडू नका. आईंना त्रास काय होतोय, एवढं त्यांना शांतपणे विचारा. आणि रोज सकाळी सवयीने रक्त काढलं जात असेल तर त्याची गरज आहे का, तेही. लोह घरी आल्यावरही काही आठवडे चालू ठेवायचं असतं. अर्धा लिटर रक्ताबरोबर दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह गेलेलं असतं.

एक राहिलंच. लोहाची गोळी सुरू केली की शौचाला काळी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पोटात रक्तस्राव होत असेल तरीही ती काळीच होते, डांबरासारखी, चिकट, उग्र वासाची. एकदा गोळी सुरू झाली की या दोन्हींतला फरक आपल्याला घरी कळणं अवघड. आई संकोचतील, पण त्यांना आज रात्रीच विचारा, पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वी. आणि उत्तर “हो” आलं, तर रिपोर्टची वाट न बघता उद्या सकाळीच डॉक्टरांना गाठा.